गोणीचें नत्र आणि बाटलीचें नत्र

रब्बीची पेरणी आटोपून गव्हाला पहिलें पाणी देण्याची वेळ आली, म्हणजे शेतकऱ्यापुढें हल्लीं एक नवा प्रश्न उभा राहतो. पेरणीनंतर अठराव्या ते एकविसाव्या दिवसाच्या सुमारास गव्हाचीं मुकुटमुळें फुटूं लागतात. त्या वेळीं पाणी द्यावयाचें आणि त्याबरोबर युरियाचा दुसरा हप्ता द्यावयाचा, हा क्रम अनेक वर्षें ठरलेला होता. आतां खताच्या दुकानांत युरियाच्या गोणीशेजारीं अर्धा लिटर द्रवाची एक लहानशी बाटली ठेवलेली असते. तिला नॅनो युरिया असें म्हणतात. गोणी बैलगाडींतून अथवा डोक्यावरून न्यावी लागते. बाटली हातांतल्या पिशवींत मावते. गोणी मिळविण्यासाठीं ऐन हंगामांत रांग धरावी लागते. बाटली सहज मिळते. तेव्हां गोणी घ्यावी, बाटली घ्यावी, कीं दोन्ही घ्याव्या, हा तो प्रश्न. दिसावयास तो लहान आहे. परंतु त्याचें उत्तर चुकल्यास पिकाचा तो आठवडा पुन्हां येत नाहीं, आणि ज्याचें पोट एक-दोन एकरांवर अवलंबून आहे त्याला ती चूक वर्षभर भोगावी लागते. म्हणून या प्रश्नाचा विचार जाहिरातीच्या अथवा ऐकीव गोष्टींच्या आधारें न होतां हिशेबानें व्हावा, हें योग्य होय.

प्रथम नत्राचें काम काय, हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. हवेंत शेंकडा ७८ भाग नत्र भरलेलें आहे. परंतु सावकाराच्या पेटींतील धनाचा जसा दारांतून जाणाऱ्या भुकेल्यास उपयोग नाहीं, तसा हवेंतील या नत्राचा पिकास थेट उपयोग नाहीं. हरभरा, तूर, मूग इत्यादि कडधान्यांच्या मुळांवर गांठी असतात. त्यांत राहणारे सूक्ष्म जंतू हवेंतील नत्र बांधून त्या पिकांस देतात. गहूं, भात, ज्वारी, बाजरी, मका या तृणधान्यांना ही सोय निसर्गानें दिलेली नाहीं. त्यांचा सारा भार जमिनींतील नत्रावर आणि शेतकऱ्यानें घातलेल्या खतावर असतो. पानांचा हिरवेपणा, फुटव्यांची संख्या, ओंबींत भरणारे दाणे आणि त्या दाण्यांतील प्रथिनें, हीं सर्व नत्रावर अवलंबून असतात. १९०९ सालीं फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें हवेंतील नत्राचा हायड्रोजनशीं संयोग घडवून अमोनिया तयार करून दाखविला, आणि १९१३ सालीं कार्ल बॉश यांच्या प्रयत्नानें जर्मनींतील ओपाऊ येथें त्याचा कारखाना सुरू झाला. आज दुकानांत मिळणारा पांढरा दाणेदार युरिया त्याच अमोनियापासून बनतो. त्यांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें.

हें खत उपयुक्त आहे, तसेंच तें उधळेंही आहे. जमिनीच्या पृष्ठभागावर फेकलेला युरिया ओलाव्यानें विरघळतो, आणि युरिएझ नांवाच्या विकरामुळें थोड्याच दिवसांत त्याचा अमोनिया होतो. जमीन चुनखडीची असेल, ऊन असेल आणि खत वरचेवर पडलेलें असेल, तर त्या अमोनियाचा बराच भाग हवेंत उडून जातो. जो उरतो त्याचें जंतूंच्या क्रियेनें नायट्रेट होतें. हें नायट्रेट पाण्याबरोबर मुळांच्या खालीं निघून विहिरीच्या पाण्यांत मिसळतें. आणि जेथें पाणी तुंबतें तेथें त्याचें पुन्हां वायूंत रूपांतर होतें. त्यांपैकीं नायट्रस ऑक्साईड हा वायु पृथ्वीची उष्णता वाढविण्याच्या कामीं, शंभर वर्षांच्या हिशेबानें, कर्बवायूच्या सुमारें २७३ पट प्रबळ आहे. या सर्व वाटांनीं गळती होऊन घातलेल्या नत्रापैकीं तृणधान्याच्या वाट्यास साधारणतः तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच भाग येतो. भारतांत २०२२-२३ या एका वर्षीं सुमारें ३५७ लाख टन युरिया खपला. त्याचा कांहीं भाग परदेशांतून आणावा लागतो, आणि शेतकऱ्यास गोणी स्वस्त मिळावी म्हणून किंमतीचा मोठा वांटा सरकारी तिजोरींतून भरावा लागतो. ही गळती थोडी जरी थांबली, तरी शेतकऱ्याचा, देशाचा आणि विहिरीच्या पाण्याचा, तिघांचाही लाभ आहे. २०१५ सालीं देशांत बनणाऱ्या सर्व युरियास निंबोळीच्या तेलाचें आवरण देणें आवश्यक करण्यांत आलें, तें नायट्रेट होण्याची क्रिया मंदावी याच हेतूनें. नॅनो खताच्या मागचा हेतुही हाच आहे, आणि तो हेतु स्तुत्यच म्हटला पाहिजे.

'नॅनो' हा शब्द मूळ ग्रीक. त्याचा अर्थ बुटका. मीटरचा एक अब्जांश भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारें ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. यावरून या मापाची कल्पना येईल. इफ्को या सहकारी संस्थेनें गुजरातेंतील कलोल येथील आपल्या प्रयोगशाळेंत द्रवरूप नॅनो युरिया तयार केला. फेब्रुवारी २०२१ मध्यें केंद्र सरकारनें खत नियंत्रण आदेशांत त्याचा समावेश केला, आणि ३१ मे २०२१ रोजीं तो शेतकऱ्यांसाठीं जाहीर झाला. त्यांतील कण २० ते ५० नॅनोमीटर आकाराचे असून ते पानांवरील रंध्रांतून आंत शिरतात, मातींत गळती होण्याचा प्रश्नच उरत नाहीं, आणि म्हणून अर्ध्या लिटरची एक बाटली ४५ किलो युरियाच्या एका गोणीची जागा घेऊं शकते, असें सांगण्यांत आलें. एका लिटर पाण्यांत २ ते ४ मिलिलिटर द्रव मिसळून पिकास फुटवे येण्याच्या वेळीं एक आणि फुलोऱ्यापूर्वीं दुसरी अशा दोन फवारण्या कराव्या, अशी पद्धत सांगितली आहे. पेरणीच्या वेळीं द्यावयाचें नत्र मात्र कमी करूं नये, वरून द्यावयाच्या युरियांतच कपात करावी, हेंही माहितीपत्रकांत सांगितलेलें असतें. पुष्कळ शेतकऱ्यांच्या नजरेंतून हें शेवटचें वाक्य निसटतें.

आतां हिशेबाकडे वळावें. तो शाळेंतील त्रैराशिकाहून कठीण नाहीं. ४५ किलोच्या गोणींत शेंकडा ४६ प्रमाणें २० किलो ७०० ग्रॅम नत्र असतें. पहिल्या नॅनो युरियांत नत्र शेंकडा ४. म्हणजे ५०० मिलिलिटरच्या बाटलींत २० ग्रॅम. गोणींत जितकें नत्र आहे तितकें बाटल्यांतून आणावयाचें तर एक हजार पस्तीस बाटल्या लागतील. पुढें अधिक तीव्रतेचा, वजनानें शेंकडा २० नत्र असलेला द्रवही बाजारांत आला; परंतु त्याच्या बाटलींतील नत्रही सव्वाशे ग्रॅमच्या पलीकडे जात नाहीं. गोणी ती गोणीच राहते.

यावर असें उत्तर दिलें जातें कीं, गोणींतील नत्र वाया जातें आणि बाटलींतील सर्व पानांत शिरतें. तेव्हां दोहोंची तुलना वजनानें करणें न्याय्य नाहीं. हा आक्षेप विचारांत घेऊनही हिशेब करून पाहावा. गोणींतील दोन तृतीयांश नत्र वाया गेलें असें धरलें, तरी पिकास जवळ जवळ ७ किलो मिळतें. बाटलींतील एक थेंबही वाया गेला नाहीं असें धरलें, तरी पिकास मिळतात २० ग्रॅम. म्हणजे युरियावर सर्व दोष लादून आणि नॅनोस सर्व गुण देऊनही एकास सुमारें ३४५ असें प्रमाण उरतें. कार्यक्षमता कितीही वाढविली, तरी ती शेंकडा शंभराच्या पुढें जाऊं शकत नाहीं. नसलेलें नत्र ती निर्माण करूं शकत नाहीं.

हेंच दाण्याच्या बाजूनें पाहिलें म्हणजे अधिक स्पष्ट होतें. गव्हाच्या दाण्यांत साधारणतः शेंकडा २ भाग नत्र असतें. म्हणजे एक किलो गव्हांत २० ग्रॅम. बाटलींतील सगळें नत्र एक किलो गव्हांत जाऊन बसेल इतकेंच आहे. एका लहान कुटुंबाच्या एका वेळच्या पोळ्या त्यांत होतील. उलट एका एकरांत १८ क्विंटल गहूं पिकला, तर केवळ दाण्यांतून ३६ किलो नत्र शेताबाहेर जातें, काडांतील वेगळें. महाराष्ट्रांत वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हास हेक्टरीं १२० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरीं सुमारें ४८ किलो. त्यांतील निम्में पेरणीच्या वेळीं आणि निम्में पहिल्या पाण्याच्या वेळीं द्यावयाचें असतें. दुसरा हप्ता, म्हणजेच २४ किलो नत्र, हें गोणीहून किंचित् अधिकच होतें. यावरून दिसेल कीं, 'एका गोणीऐवजीं एक बाटली' या शब्दांचा अर्थ गव्हाच्या बाबतींत, फुटवे येण्याच्या ऐन वेळीं दुसरा हप्ता जवळ जवळ पूर्णपणें बंद करणें, असा होतो.

कणांच्या बारीकपणाविषयींही एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. साधा युरिया पाण्यांत अत्यंत सहज विरघळतो; वीस अंश उष्णतामानाच्या एका लिटर पाण्यांत तो एक किलोहून अधिक मावतो. विरघळलेल्या युरियाचा रेणू एका नॅनोमीटरहूनही लहान असतो. म्हणजे पानांत शिरण्यासाठीं जो बारीकपणा हवा, तो साध्या युरियाच्या द्रावणांत मुळांतच आहे. युरियाची पानांवर फवारणी ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. शेंकडा २ तीव्रतेचें द्रावण, म्हणजे शंभर लिटर पाण्यांत दोन किलो युरिया, ही जुनी व परिचित रीत आहे. एकरास १२५ लिटर पाणी धरलें तर अडीच किलो युरिया लागतो; त्यांतून पानांवर १ किलो १५० ग्रॅम नत्र पडतें. बाटलींतील नत्राच्या हें सुमारें सत्तावन्न पट आहे. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांस या दरानें त्या अडीच किलो युरियाची किंमत १५ रुपयांच्या आंतच येते. नॅनो युरियाची बाटली प्रथम २४० रुपयांस, नंतर २२५ रुपयांस विकली जाऊं लागली.

अर्थात् कागदावरील हिशेब कितीही सरळ असला, तरी शेतांत काय घडतें याची साक्ष घेतलीच पाहिजे. लुधियाना येथील पंजाब कृषि विद्यापीठानें भात व गहूं या दोन पिकांवर दोन वर्षें प्रयोग केला. शिफारशीच्या निम्में नत्र युरियांतून देऊन उरलेल्याऐवजीं नॅनो युरियाच्या दोन फवारण्या केल्या असतां, पूर्ण युरिया दिलेल्या पिकाच्या मानानें भाताचें उत्पन्न सुमारें शेंकडा १३ आणि गव्हाचें शेंकडा २१.६ घटलें. एवढेंच नव्हे, तर दाण्यांतील नत्रही भातांत शेंकडा १७ व गव्हांत शेंकडा ११.५ कमी झालें. २०२३ सालीं कोपनहेगन विद्यापीठांतील माक्स फ्रांक व सोरेन हुस्टेड या दोन शास्त्रज्ञांनीं 'प्लँट अँड सॉईल' या नियतकालिकांत नॅनो युरियासंबंधींच्या दाव्यांची छाननी करून, एवढ्या अल्प नत्रानें गोणीची जागा भरून निघणें शक्य नाहीं, असें प्रतिपादन केलें.

दुसऱ्या बाजूसही प्रयोग आहेत, आणि ते झांकून ठेवणें बरोबर होणार नाहीं. उत्पादक संस्थेनें देशभर सुमारें ११ हजार शेतकऱ्यांच्या शेतांवर ९४ पिकांत चांचण्या झाल्याचें आणि सरासरीनें शेंकडा ८ उत्पन्न वाढल्याचें सांगितलें. शिवाय निरनिराळ्या ठिकाणच्या कांहीं प्रयोगांत नत्राची मात्रा तीन चतुर्थांशावर आणून त्यावर नॅनो फवारणी केली असतां उत्पन्न पूर्ण मात्रेच्या बरोबरीचें आलें आहे. या प्रयोगांचा अर्थ लावतांना मात्र एक प्रश्न विचारलाच पाहिजे. तीन चतुर्थांश मात्रा देऊन वरून नुसत्या पाण्याची फवारणी केली असती, तर उत्पन्न किती आलें असतें? जमीन सुपीक असेल अथवा पूर्वीं कडधान्य घेतलेलें असेल, तर चौथा हिस्सा नत्र कमी केल्यानें एखाद्या वर्षीं फरक दिसतही नाहीं. ती उणीव जमीन आपल्या सांठ्यांतून भरून काढते, आणि श्रेय बाटलीस मिळतें.

जमिनीचा हा सांठा किती चिवट असतो, याचें प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथें आहे. तेथील ब्रॉडबाल्क नांवाच्या शेतांत १८४३ सालापासून गव्हाचा प्रयोग अखंड चालूं आहे. त्यांतील एका पट्टीस तेव्हांपासून कोणतेंही खत दिलेलें नाहीं. तरीही तींतून हेक्टरीं सुमारें एक टन गहूं निघत आला आहे. खत दिलेल्या पट्ट्यांच्या मानानें हें उत्पन्न अगदींच थोडें. परंतु तें शून्य नाहीं. जमीन उपाशी राहूनही बराच काळ देत राहते. म्हणून एका हंगामाच्या अनुभवावरून 'खत कमी केलें तरी चाललें' असा निष्कर्ष काढणें धोक्याचें आहे. ठेवींतून काढलेले पैसे ही कांहीं मिळकत नव्हे.

दाण्यांतील नत्राच्या घटीचा जो उल्लेख वर आला, तो केवळ शास्त्रज्ञांनीं पाहण्याची बाब आहे असें समजूं नये. गव्हाच्या दाण्यांतील नत्राच्या प्रमाणास ५.७ नें गुणिलें म्हणजे त्यांतील प्रथिनांचा अंदाज येतो. शेंकडा २ नत्र म्हणजे शेंकडा ११.४ प्रथिनें. नत्र घटलें कीं प्रथिनें त्याच प्रमाणांत घटतात. कणकेस ताण देणारें ग्लुटेन हें प्रथिनच आहे. ज्या घरांत दूध आणि डाळ पुरेशी मिळत नाहीं, त्या घरांतील मुलांच्या वाट्यास येणारीं बहुतेक प्रथिनें भाकरी-पोळींतून आणि भातांतूनच येतात. पोतें तेवढेंच भरलें, पण दाणा हलका झाला, तर तें नुकसान बाजाराच्या तराजूंत दिसत नाहीं. तें मुलांच्या अंगावर दिसतें.

तर मग नॅनो खत निरुपयोगी म्हणून टाकून द्यावें काय? असेंही म्हणण्याचें कारण नाहीं. त्याचें स्थान कोणतें, हें मात्र ओळखलें पाहिजे. पिकास कांहीं अन्नद्रव्यें किलोंनीं लागतात आणि कांहीं ग्रॅमांनीं. नत्र, स्फुरद व पालाश हीं पहिल्या वर्गांतील. जस्त, लोह, बोरॉन इत्यादि दुसऱ्या वर्गांतील. एक किलो गव्हांत जस्त अवघें ३० मिलिग्रॅमच्या आसपास असतें. १८ क्विंटल गव्हांत तें पन्नास-पंचावन्न ग्रॅम भरतें. जें पन्नास ग्रॅम लागतें तें बाटलींतून देतां येण्यासारखें आहे, आणि पानांवाटे सूक्ष्म द्रव्यें देण्याच्या पद्धतींत नॅनो रूपाचा उपयोग होण्यास वाव आहे. जें चाळीस-पन्नास किलो लागतें त्यास गोणीच पाहिजे. हाच विवेक २०२३ च्या एप्रिलपासून बाजारांत आलेल्या नॅनो डीएपीच्या बाबतींतही ठेवावा. त्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलींत ४० ग्रॅम नत्र आणि ८० ग्रॅम स्फुरद असतें. डीएपीच्या ५० किलोच्या गोणींत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतें.

नत्राच्या बाबतींत नॅनो युरियाची जागा युरियाच्या सोबतीस आहे. युरियाच्या ऐवजीं नाहीं. पेरणीचा हप्ता पूर्ण दिला आहे, पहिल्या पाण्याचा हप्ता वेळेवर व योग्य रीतीनें दिला आहे, आणि पुढें पीक किंचित् फिकें दिसूं लागलें अथवा शेतांत पाणी सांचून मुळांचें काम मंदावलें, अशा वेळीं पानांवरील फवारणी साह्यकारी होते. ती कोणत्या द्रवाची करावी हें शेतकऱ्यानें किंमत व नत्र दोन्ही पाहून ठरवावें. साध्या युरियाची फवारणी करतांना द्रावण शेंकडा दोनाच्या पलीकडे तीव्र करूं नये, आणि भर उन्हांत फवारूं नये. नाहींतर पानांचीं टोकें करपतात. सकाळीं दंव उतरल्यावर अथवा सायंकाळीं वारा शांत असतांना फवारणी करणें उत्तम.

नत्राची बचत करण्याचे खरे मार्ग याहून जुने आणि कमी आकर्षक आहेत. परंतु ते हिशेबांत बसतात. पहिला मार्ग खत मातीआड करण्याचा. पेरणीच्या वेळीं दोन चाड्यांच्या पाभरीनें बियाणें आणि खत एकाच वेळीं, परंतु निरनिराळ्या खोलीवर पेरलें, म्हणजे अमोनिया उडून जाण्यास जागा राहत नाहीं. दुसरा मार्ग हप्ते पाडण्याचा. कोंकणांत भातास हेक्टरीं १०० किलो नत्र देतांना त्याचे चिखलणी, फुटवे आणि लोंबी पोटऱ्यांत येण्याची सुरुवात अशा तीन वेळांस शेंकडा ४०, ४० व २० असे भाग करतात, तें याच कारणानें. तिसरा मार्ग पिकाचा रंग पाहून खत देण्याचा. त्यासाठीं हिरव्या रंगाच्या छटा छापलेली एक साधी पट्टी मिळते. भाताचें पान त्या पट्टीवर ठेवून पाहावें, आणि तें ठराविक छटेहून फिकें असेल तरच पुढचा हप्ता द्यावा.

चौथा मार्ग तर महाराष्ट्राच्या अभिमानाचा आहे. डॉ. नारायण सावंत यांनीं पुरस्कारलेल्या चारसूत्री भातशेतींत युरिया व डीएपी एकत्र दाबून केलेल्या २.७ ग्रॅम वजनाच्या गोळ्या वापरतात. भाताचीं रोपें १५ आणि २५ सेंटिमीटर असें आलटून पालटून अंतर ठेवून लावावयाचीं, आणि जवळ जवळ आलेल्या दर चार चुडांच्या चौकांत मधोमध एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलांत हातानें खोचावयाची. हेक्टरीं अशा ६२ हजार ५०० गोळ्या, म्हणजे सुमारें १६९ किलो खत लागतें. त्यांतून ५७ किलो नत्र व २९ किलो स्फुरद मिळतें. खोल चिखलांत हवा पोंचत नसल्यामुळें अमोनियाचें नायट्रेट लवकर होत नाहीं, आणि खाचरावरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याबरोबर खत वाहूनही जात नाहीं. जेथें फेकून शंभर किलो नत्र द्यावें लागतें, तेथें खोचून सत्तावन्न किलोंत काम भागतें. यांत जादू कोणतीच नाहीं. नत्र किलोंनींच मोजलें आहे. फक्त तें वाया जाऊं दिलेलें नाहीं. गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलांत गाडणें हेंही त्याच पद्धतीचें एक सूत्र आहे. या कामास मजूर अधिक लागतात, ही अडचण खरी आहे. परंतु लहान खाचरांत घरचीं माणसें तें करूं शकतात.

इतकें ऐकूनही ज्यास बाटलीचा अनुभव घेऊन पाहावयाचा असेल, त्यानें तो अवश्य घ्यावा. मात्र सगळ्या शेतावर घेऊं नये. सारख्या मातीच्या एका तुकड्यांत पांच-पांच गुंठ्यांच्या चार पट्ट्या आंखाव्या. पेरणीचें खत चौघींना सारखेंच द्यावें. एकरीं एक गोणी या हिशेबानें दुसऱ्या हप्त्याचा युरिया पांच गुंठ्यांस ५ किलो ६०० ग्रॅम होतो. पहिल्या पट्टीस तो पूर्ण द्यावा; उरलेल्या तिघींना तीन चतुर्थांश, म्हणजे ४ किलो २०० ग्रॅम द्यावा. मग दुसऱ्या पट्टीवर नुसतें पाणी फवारावें, तिसरीवर सांगितलेल्या प्रमाणांत नॅनो युरिया, आणि चौथीवर शेंकडा २ युरियाचें द्रावण. पांच गुंठ्यांस सोळा लिटरचा एक पंप पुरतो. त्यांत नॅनो युरिया ६२ मिलिलिटर आणि साधा युरिया ३२० ग्रॅम लागेल. फवारण्या दोन कराव्या, आणि तिन्ही पट्ट्यांवर त्या एकाच दिवशीं कराव्या. कापणीच्या वेळीं चारी पट्ट्यांचा गहूं वेगवेगळा मळून वेगवेगळा तोलावा आणि आंकडे वहींत लिहून ठेवावे. दुसरी व तिसरी पट्टी सारखीच भरली, तर बाटलीनें कांहीं केलें नाहीं हें उघड झालें. तिसरी अधिक भरली, तर तिची तुलना चौथीशीं करावी आणि खर्च वजा घालावा. दोन हंगाम असें केल्यावर त्या शेतकऱ्यास दुसऱ्या कोणाचें मत विचारावें लागणार नाहीं. पांच गुंठ्यांत चूक झाली तर पायलीभर दाणे जातात; पांच एकरांत झाली तर मुलांच्या शाळेची फी जाते.

शेवटीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोणी हवी असेल तर बाटलीही घ्यावी लागेल, अशी सक्ती दुकानांतून होत असल्याच्या तक्रारी अनेक राज्यांत झाल्या. जुलै २०२५ मध्यें केंद्रीय कृषिमंत्र्यांनीं सर्व राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून ही सक्ती ताबडतोब थांबविण्यास सांगितलें. तेव्हां दुकानांत बाटली नको म्हणणें हा शेतकऱ्याचा हक्क आहे. आणि बाटली आपखुषीनें घेतली, तर तिच्या चिठ्ठीवरील नत्राचा आंकडा वाचून त्याचे ग्रॅम करणें हें त्याचें काम आहे. सक्तीनें गळ्यांत पडलेली बाटली अनेक घरीं कोनाड्यांत तशीच पडून राहते. त्यांत पैशांचें नुकसान होतें, पण पीक वांचतें. खरा धोका आहे तो बाटली विश्वासानें घेऊन गोणी टाळणाऱ्यास.

नवें म्हणून नाकारूं नये आणि नवें म्हणून स्वीकारूंही नये. शेतींतील प्रत्येक नव्या वस्तूस जुन्या तराजूंत बसावें लागतें, आणि त्या तराजूच्या एका पारड्यांत नेहमीं धान्य असतें. गव्हाच्या एका किलोंत वीस ग्रॅम नत्र असतें, एवढी एकच गोष्ट ज्या शेतकऱ्यानें लक्षांत ठेविली, त्याला पहिल्या पाण्याच्या दिवशीं गोणी कीं बाटली हा प्रश्न फार वेळ अडवून ठेवणार नाहीं.